उंटाची अर्धी गोष्ट

सो., १० फेब्रु. धुळे.
सलग तिसरा सोमवार. पावणेसातला रेवाचं पोट दुखायला लागलं. ताप नाही, जीभ स्वच्छ. ओवा चावायला दिला आणि गणवेश हातात दिला. सव्वासातला नानांची शाळेची व्हॅन खाली येऊन उभी, आणि ही अजून दुसऱ्या बुटाच्या नाडीशी. वय नऊ, इयत्ता चौथी, नाडीला चार मिनिटं. शेवटी जिन्याला लागली. मी नेहमीसारखी गॅलरीतून, "चला मालगाडी, सिग्नल पडला." नाना खाली हसले. व्हॅनमधली पोरंही.
लेकीच्या, माधुरीच्या, बँकेत मार्चअखेरची धांदल. जावई पहाटेच नरडाण्याच्या कारखान्याच्या बसमध्ये. म्हणून मी जळगावचं घर बंद करून इथं. नातीला वेळेवर शाळेत धाडणं एवढंच काम. छत्तीस वर्षं साठ-साठ मुलींचे वर्ग सांभाळले, एक पोर जड जाऊ नये.

गु., १३ फेब्रु.
रे.च्या दप्तराचं वरचं कडं पुन्हा तुटलं. महिन्यात दुसऱ्यांदा. "कसं तुटलं?" "तुटलं." मा. म्हणते दप्तरच हलकं आहे. मी दाभण आणि सुतळी घेऊन शिवलं. आता बैल बांधला तरी तुटणार नाही.
दुपारी शाळेत जाऊन आले. वर्गशिक्षिका तरुण, चुणचुणीत. "रेवा? फार शांत मुलगी. काही त्रासच नाही तिचा." मी म्हटलं, तिचा नाही, तिला आहे का ते विचारतेय. त्या म्हणाल्या, "तसं काही असतं तर तिनं सांगितलं असतं ना, आजी." मला आजी म्हणायची काही गरज नव्हती.
परत येताना आठवलं, हेच वाक्य मीही पालकांना ऐकवलेलं आहे.

र., १६ फेब्रु.
आज जेवणानंतर रे.ला जवळ घेऊन बसले. सरळ विचारायचं नाही, गोष्टीतून काढायचं, असं ठरवलं होतं. सशाला रोज सतावणाऱ्या माकडांची गोष्ट रचून सांगितली. ससा शेवटी हत्तीकडे जाऊन सगळं सांगतो, हत्ती माकडांना दम देतो. गोष्ट नीट बसली होती. मग म्हटलं, "सांग तात्पर्य."
ती उभी राहिली. खरंच उभी राहिली, हात मागे. "काही त्रास असेल तर मोठ्यांना सांगावं."
"शाब्बास. तुला आहे का त्रास?"
"नाही."
"खरं?"
"हो. मी जाऊ?"
गेली.

श., २२ फेब्रु. जळगाव.
घर उघडून झाडलं. मा.साठी भरताची वांगी घेतली. संध्याकाळी वाचनालयात पुस्तकं बदलायला गेले. बालविभाग आता वंदना सपकाळेकडे आहे. माझी विद्यार्थिनी, पंधराएक वर्षं तरी झाली असतील. अजून मला बघून उठून उभी राहते.
शनिवारी ती मुलांना आईबापांसह बोलावते. सतरंजी, मध्ये पुस्तकं, ज्यानं त्यानं आपल्या पोराला वाचून दाखवायचं. मला खुर्ची दिली. समोर एक किराणा दुकानाचे शेठ, अडखळत मराठी वाचत होते, मुलगी त्यांच्या बोटाखालून बघत होती. गोष्ट एका खारीची, तिचे दाणे रोज कोणीतरी पळवतं. मध्येच मुलगी म्हणाली, "माझा डबा पण असाच घेतात." शेठजी थांबले. मला वाटलं, आता विचारतील कोण, कधी, किती दिवस. ते म्हणाले, "हां?" आणि पुढचं पान उलटलं नाही. मग पोरगी आपणहून बोलत राहिली. बराच वेळ.
नंतर वंदनाला रेवाचं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, गोष्ट संपल्यावर तुम्ही काय विचारता?"
"तात्पर्य."
ती हसली. माझ्यासमोर कुणी विद्यार्थिनी अशी हसल्याचं आठवत नाही. "मग ती परीक्षा झाली. तुमच्या परीक्षेत आम्ही बरोबर तेच लिहायचो. खरं कशाला लिहू?"
"मग काय करायचं?"
"वाचायचं आणि गप्प बसायचं. घरातल्या मोठ्यांनाही ऐकू दे. जमलं तर गोष्ट अर्धी सोडायची. तुम्हाला जड जाईल."
चार पुस्तकं दिली. सही मीच केली, तारीख तिनं टाकली.

मं., २५ फेब्रु. धुळे.
खारीची गोष्ट वाचली. संपली. गप्प बसले. जिभेवर तात्पर्य आलं होतं, पाणी पिऊन गिळलं. रे. माझ्याकडे बघत राहिली, आता विचारील म्हणून. विचारलं नाही. पाच मिनिटांनी तीच म्हणाली, "तिची आई कुठं होती?"
पुस्तकात खारीची आई नाहीच. मी म्हटलं, "माहीत नाही."
"बँकेत असेल."
मा. स्वयंपाकघरात होती. तिनं गॅस बारीक केला. बाहेर आली नाही.

गु., २७ फेब्रु.
आज जावई, प्रशांतराव, लवकर आले. मी वाचत होते आणि ते ताट हातात घेऊन दारात उभ्यानं जेवत ऐकत होते. गोष्टीत एका मुलाची टोपी लपवतात. संपल्यावर मी गप्प. घरात फक्त त्यांचं चावणं.
मग म्हणाले, "माझी चप्पल लपवायचे. पाचोऱ्याला, सहावीत."
मा. म्हणाली, "कोण?"
"होते चौघं. रोज नाही. पण कधी लपवतील ते कळायचं नाही. मी अनवाणी घरी जायचो. आईला सांगायचो हरवली. मग हरवली म्हणून आई मारायची."
लग्नाला बारा वर्षं झाली, मा.ला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मला कधी बोलला नाहीस." ते म्हणाले, "त्यात काय बोलायचं? चप्पल ती." आणि भाकरी घ्यायला आत गेले.
रे.नं पुस्तक मिटलं. "मग मिळाली चप्पल?"
"एक मिळाली. विहिरीत तरंगत होती."
ती हसली. मग हसणं थांबवून त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

र., २ मार्च.
सकाळी रे.ला घेऊन भाजीला निघाले तर हमरस्त्याच्या कडेनं तांड्याचे उंट चाललेले. पाठीवर खाट, खाटेवर कोंबड्या, एकावर तान्हं पोर बांधलेलं. रे. थांबली. मी नेहमी ओढते, आज नाही ओढलं. शेवटचा उंट वळणाआड जाईपर्यंत उभ्या राहिलो. भाजी महाग मिळाली नाही, उशिरा मिळाली एवढंच.
दुपारी म्हटलं, गोष्ट सांगते. "एक उंट होता. तो हळू चालायचा. एक दिवस…" आणि थांबले.
"पुढं?"
"पुढची येत नाही मला."
मी तांदूळ निवडत होते, वर बघितलं नाही. मग ती, तिच्या त्या चालीत, एकेक शब्द ठेवत:
"त्याच्या मागं सगळे रांग लावायचे. पहिला त्याची शेपूट धरायचा. दुसरा पहिल्याला धरायचा. असे सहा. मग शिट्टी वाजवायचे. तोंडानं. जिन्यात तर रोज."
उंटाला जिना कुठला, हे मी विचारलं नाही.
"जिन्यात शेपूट ओढली की उंट मागं पडायचा. मग सगळे म्हणायचे, डबे घसरले, डबे घसरले."
तांदळात खडा होता, तो हातात तसाच.
नियम मोडला. विचारलं, "उंटानं घरी का नाही सांगितलं?"
"कसं सांगणार? मालगाडी हे नाव उंटाच्या आजीनंच ठेवलं होतं. ती रोज गॅलरीतून हाक मारायची. ते ऐकूनच बाकीचे म्हणायला लागले."
रागानं नाही. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं. मग म्हणाली, "मला दूध दे."
दूध दिलं.

सो., ३ मार्च.
पोट दुखलंच. आज गॅलरीत गेले नाही. तिच्याबरोबर खाली उतरले, दप्तर माझ्या हातात.
व्हॅन निघण्याआधी नानांना बाजूला घेतलं. साठीचे गृहस्थ, शिंदखेड्याकडचे, घरची अहिराणी बोली सोडत नाहीत. विचारलं, व्हॅनमध्ये काय होतं? त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बठ्ठा पोरे तिना मांगे शिट्ट्या वाजाडतस, बाई. मी दटाडस. पन मी गाडी चालाडू का पोरे देखू?"
"मला सांगायचं होतं ना, नाना."
"तुमले काय सांगू? ते नाव तं तुमीनच ठेयेल शे."
व्हॅन गेल्यावर ही वही काढली. मी इथं आले संक्रांतीनंतर. पहिली पोटदुखी २७ जाने., सोमवार. मीच लिहिलंय, 'बहाणा असावा'. कडं पहिल्यांदा तुटलं ३१ ला. तेही लिहिलंय. बँकेच्या वहीसारखी सगळी नोंद माझ्या अक्षरात, आणि मी शाळेत जाऊन दुसऱ्यांना जाब विचारत होते.

मं., ४ मार्च.
आमचे हे तीस वर्षं मालगाडीचे गार्ड, भुसावळ. आमच्या घरात मालगाडी हा शब्द लाडाचा. थकून घरी आले की म्हणायचे, मालगाडीला कोणी हात करत नाही, पण तिच्यासाठी फाटक तेवढाच वेळ बंद ठेवतात. रे. हळू, म्हणून मला ते नाव सुचलं. हे सगळं तिला समजावून सांगावं असं सकाळपासून मनात होतं. मग लक्षात आलं, हे माझं तात्पर्य. तिला काय त्याचं?
दुपारी शाळेतून येऊन ती नाडी सोडत होती. मी म्हटलं, "रेवा, ते नाव मी पुन्हा घेणार नाही. चूक झाली माझी."
"बरं." दुसरी नाडी. ती सोडल्यावर म्हणाली, "विसरून घेतलंस तर?"
"तर तू थांबव."
"मोठ्यांदा?"
"मोठ्यांदा."
मा. आणि प्र. यांना जेवताना सांगितलं. प्र.चं म्हणणं, उद्याच मुख्याध्यापकांकडे, त्या सहाही पोरांच्या आईबापांना बोलवा. मा. म्हणाली, "आधी तिला विचारू." तिला बोलावलं. ती म्हणाली, शाळेत नावं सांगितली तर ती व्हॅननं जाणार नाही, कधीच नाही. प्र. चिडले. मग आपल्या ताटाकडे बघत बसले. बहुधा चपलेचं आठवलं असावं.
रात्रीची भांडी घासताना मा. म्हणाली, "आई, मलाही तू…" आणि नळ मोठा सोडला.
नंतर वंदनाला फोन केला. सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "वर्गात मी मुलींना नावं ठेवायचे. तुला काय म्हणायचे मी?"
ती म्हणाली, "बाई, तुम्ही रेवाचं बघा." आणि पुस्तकांची मुदत वाढवून दिलीय म्हणाली.

श., ८ मार्च.
तोड रे.नंच काढली. वर्गात शनिवारी शेवटच्या तासाला कोणाचे तरी आईबाप गोष्ट सांगायला येतात. "तू उंटाची सांग. नावं नको. अर्धीच सांग." दारापर्यंत गेली आणि वळून, "उंटाची आजी नको सांगू. ते घरचं आहे."
आज गेले. वर्गात पंचेचाळीस पोरं. मी खुर्ची घेतली नाही. सांगितलं, रांग, शेपूट, शिट्टी, जिना. 'डबे घसरले'ला मागच्या बाकावर दोघं हसली आणि मग हसणं मध्येच तुटलं. तिथंच थांबले. "पुढची मला येत नाही. तुम्ही सांगा."
मग हात वर. उंटानं लाथ मारावी. उंटानं शाळा बदलावी. उंटाला पंख फुटावेत. खिडकीजवळची एक, दोन वेण्या, रे.नं घरी सांगितली होती ती रांगेतली पहिली, तनिष्का. ती म्हणाली, "पण उंट कधी नको म्हणालाच नाही." रे. बाकाकडे बघत होती. मग एक बारकी मुलगी, फार हळू: "शेवटच्यानं हात सोडला तर त्यालाच उंट करतील ना. म्हणून तो सोडत नाही."
वर्ग शांत झाला. अजून दोन मिनिटं तशी मिळाली असती तर.
पण वर्गशिक्षिका पुढं आल्या, टाळी वाजवली. "तर मुलांनो, या गोष्टीवरून आपण काय शिकलो?" आणि पंचेचाळीस गळे एका सुरात: "कोणालाही चिडवू नये."
घंटा झाली. जिन्यात ढकलाढकली.
त्या बाईंना बोलणार होते. बोलले नाही. त्या उभ्या होत्या तिथं मी छत्तीस वर्षं उभी होते.

बु., १२ मार्च.
शिट्टी बंद. नानाही तेच म्हणाले, "तीन दिन व्हयनात, शांती शे." मी मनात पेढे वाटून टाकले.
आज जेवताना रे. म्हणाली, "आता मला उंट म्हणतात."
प्र.चा घास हातात. मी भाकरी मोडत होते, मोडत राहिले. गोष्ट माझी, वर्गात नेऊन दिली मी. पुन्हा मीच.
मा.नं फक्त, "हं?"
मग रे. सांगू लागली. तनिष्का नाही, दुसरी दोघं. डबा खाताना. मान लांब करून दाखवतात. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "नको म्हणू." ते ऐकून एकजण थांबला. दुसरी थांबली नाही. ती बारकी मुलगी, भाविका, उठून हिच्या बाकावर येऊन बसली. डबा घेऊन बसली फक्त. तिच्या डब्यात शेव होती. किती शेव, जाड की बारीक, हेही सांगितलं. भाजी गार झाली. कोणी तिला लवकर आटप म्हटलं नाही. मी तर जीभ दातांत धरून बसले होते.
कोणी न विचारता, पहिल्यांदाच.

सो., १७ मार्च.
पोट दुखलं. तिनं सांगितलं कशामुळं: आज भाविका येणार नाही, मामाच्या लग्नाला गेलीय. मा. म्हणाली, "मी अर्धा तास उशिरा जाते बँकेत, तुला सोडून." मार्चच्या सतरा तारखेला. दोघी स्कूटरवर गेल्या.
वर्गशिक्षिकेला मा. भेटली. नावं न सांगता जिन्याचं सांगितलं. सुट्टीत आता जिन्यात एक शिक्षक उभा करू म्हणाल्या. बघू.

बु., ३० एप्रिल. अखाजी (अक्षय्य तृतीया).
रे. सुट्टीला माझ्याकडे. तिला घेऊन माझ्या माहेरी आले, गिरणेकाठी. भावाच्या दारच्या निंबाला झोका. आमरस, खापरावरची पोळी. सासुरवाशिणी सगळ्या आलेल्या, आमच्यासारख्या म्हाताऱ्याही.
दुपारनंतर गौराई घेऊन पोरी नदीवर. पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या. नदीत पाणी नावाला. मग ते जुनं सुरू झालं, या काठावरून त्या काठावर शिव्या, गाण्यातून, नावं घेऊन, कोणाचा नवरा टकल्या, कोणाची सासू भोपळा. आम्ही होतो तेव्हा दगडही फेकायचो. आता नाही.
रे. माझ्या पदराला धरून बघत होती. "यांना राग नाही येत?"
"आजच्या दिवशी नाही. दोन्हीकडून देतात, दोन्हीकडे तेवढ्याच पोरी. संध्याकाळी संपतं."
"उद्या नाही द्यायची?"
"उद्या दिली तर भांडण."
तिनं विचार केला. नेहमीचा, लांबलचक. पोरी थकून पाण्यात उतरल्या तोवर. मग म्हणाली, "मी तुला देऊ एक नाव?"
"दे."
"राग नाही ना येणार?"
"दे म्हटलं ना."
तिनं माझ्या कानात सांगितलं. मोठ्यांदा नाही.
काय म्हणाली ते इथं लिहीत नाही. कुठूनही शोधून आणलेलं नाही, रोज बघून ठेवलेलं आहे. राग आला नाही असं म्हणणं खोटं होईल. पाचेक मिनिटं आला होता. घरी येताना तिनं माझा हात धरला होता आणि आम्ही तिच्या चालीनं आलो.

र., १५ जून. धुळे.
उद्या शाळा. पाचवी. चार दिवसांसाठी आलेय. मा.नं दप्तर नवं घेतलं नाही, रे.ला जुनंच हवं. कडं सुतळीचं तसंच आहे. भाविका दुसऱ्या तुकडीत गेली, आजच कळलं. तनिष्का हिच्याच तुकडीत.
प्र.नी कारखान्यात उद्या दुपारपाळी मागून घेतलीय. "सहज," म्हणाले.

सो., १६ जून.
पावणेसातला उठली. पोटाचं बोलली नाही. मीही विचारलं नाही. पोहे खाल्ले, अर्धे ठेवले.
सव्वासातला नानांचा हॉर्न. ती नाडी बांधत. प्र. दारात, हातात चहा, पितायत असं दाखवत. मा. घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत. दुसरा हॉर्न. माझे पाय आपोआप गॅलरीकडे गेले. तोंड उघडलं. खाली व्हॅनच्या खिडक्यांत सगळी तोंडं वर.
"आजी," मागून आवाज. मोठा.
तोंड मिटलं. खाली हात केला, थांबा म्हणून.
दुसरी नाडी बांधून झाली. दप्तर तिनंच उचललं. जिन्यात तिची पावलं, एकेक, आणि मग व्हॅनचं दार सरकल्याचा आवाज. मागची खिडकी वरून दिसत नाही. कोण कुठं बसलं, शिट्टी वाजली की नाही, काही कळलं नाही. व्हॅन वळली.
प्र. म्हणाले, "काय झालं ते ती आल्यावर कळेल."
मा. म्हणाली, "तिनं सांगितलं तर."
आता सव्वाबारा. एकला येते. तांदूळ निवडायला घेतलेत. काही विचारायचं नाही.